९० अधिक ६०

ती. आई-बाबांस,

नागपूरच्या महालातल्या घरून तुमच्या मुलीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर हल्ली बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आकडे कागदावर पाहिल्याशिवाय त्यांचं समाधानही होत नाही. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, गेल्या मंगळवारी अमेरिकेहून माझ्या डिग्र्यांचं मूल्यांकन आलं. तिकडे शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. बी.कॉम.ची तीन वर्षं, ९० क्रेडिट. एम.कॉम.ची दोन वर्षं, ६०. खाली बेरीज, १५०. तिथे सीपीए, म्हणजे त्यांच्याकडचा सी.ए., व्हायचं तर लायसन्ससाठी १५० क्रेडिटची अट धरलेली असते. तिकडची पदवी चार वर्षांची, १२० क्रेडिटची. म्हणून तिथली मुलंही पदवीवर मास्टर्स जोडतात, किंवा दोन्ही मिळून पाच वर्षांचा एकच कोर्स करतात. फ्लोरिडात ही अट १९८३ पासून आहे, बाकीच्या राज्यांनी ती मागाहून घेतली.

आता २०२५ पासून ओहायोसारख्या राज्यांनी आणखी एक वाट काढली आहे: नुसती पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. ऑफिसातला एक जण म्हणाला, मग तुझ्या एम.कॉम.चं काय काम? पण त्यांची पदवी १२० ची आणि आपली तीन वर्षांची ९० ची. ते अंतर माझ्यासाठी एम.कॉम.नंच भरून काढलं.

मला तो दिवस आठवतो. सी.ए. इंटरचा ग्रुप तिसऱ्यांदा गेला होता. प्रत्येक पेपरात ४० च्या वर होते, पण एकूण ५० टक्क्यांना सात मार्क कमी पडले. मी गच्चीवर जाऊन बसले होते. तुम्ही पेढीवरून आलात, चप्पल न काढता वर आलात आणि म्हणालात, "काहून रडून राहिली? एम.कॉम.चा फॉर्म भर. शिकलेलं वाया नाही जात." मला तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा. वाटलं, माझी समजूत घालताहेत. मावशी तर सगळ्यांसमोर म्हणाली की एम.कॉम. आता गल्लीगल्लीत झालेत, पोरीचं लग्न बघा. दोन वर्षं सकाळचं कॉलेज आणि दुपारनंतर नोकरी केली, आणि त्यातला बराच काळ मी तुमच्याशी धड बोलले नाही. त्याची माफी मागायची राहिली होती. ती आज मागते.

हे सगळं मला का हवंय, तेही सांगते. तुम्ही ३१ वर्षं इतवारीतल्या धान्याच्या पेढीवर चोपड्या लिहिल्यात. रात्री घरी आणून तपासायचात. पेन्सिलीनं प्रत्येक आकड्याशेजारी बारीक ठिपका द्यायचात आणि जमा-नावेची तेरीज जुळेपर्यंत जेवायला उठायचा नाहीत. आई दोनदा गोळाभात गरम करायची. आणि वर्षाच्या शेवटी सी.ए. साहेब यायचे, चहा घ्यायचे आणि तुमच्या हिशेबाखाली सही करून जायचे. त्यांचं चुकत नव्हतं, कायद्यानं सही त्यांचीच. पण मी दाराआडून बघायची, आणि मला त्या पानावर तुमचं नाव कुठेच दिसायचं नाही.

मिहानमधल्या ऑफिसात मीही पाच वर्षं तेच करतेय. अमेरिकेतल्या लोकांची टॅक्स रिटर्न्स इथून तयार करायची, १५ एप्रिलच्या आत पाठवायची, आणि सही तिकडच्या सीपीएची. गेल्या मार्चमध्ये एका फाइलमध्ये २७० डॉलरचा फरक येत होता. दोघं जण संध्याकाळपासून शोधत होते. मला तुमचं वाक्य आठवलं, फरकाला नऊनं भाग गेला की आकडे उलटे पडलेत का ते बघ. २७० ला नऊनं भाग जातो. दहा मिनिटांत सापडलं: १७४० च्या जागी १४७० पडलं होतं. तिकडच्या मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, वडिलांकडे. त्यांनीच मग परीक्षेचं मनावर घे म्हणून सांगितलं. १५० च्या वाटेनं लायसन्सला लागणाऱ्या एका वर्षाच्या अनुभवाचं प्रमाणपत्रही त्या देणार आहेत.

पेपर चार. प्रत्येक चार तासांचा, संगणकावर, आणि पास व्हायला ७५ लागतात. ऑडिट, फायनान्शियल रिपोर्टिंग आणि टॅक्स हे तीन सगळ्यांना. चौथा निवडायचा असतो, मी टॅक्सचाच पुढचा भाग घेतलाय. एकेक पेपर वेगळा देता येतो, एकूण टक्केवारीची भानगड नाही, याचा मला फार धीर आहे. २०२० पासून ही परीक्षा भारतातही देता येते. नागपूरला केंद्र नाही, आपल्याला हैदराबाद सोयीचं. पहाटेची वंदे भारत आदल्या दिवशी दुपारी सिकंदराबादला सोडते.

आई, तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. मी अमेरिकेला जात नाही. काम इथूनच करायचं. पण यानं आपल्याकडचं ऑडिट सही करता येणार नाही. भारतात तो अधिकार कायद्यानं सी.ए.लाच आहे. बाबा, इतवारीत कोणाला "पोरगी सी.ए. झाली" असं सांगू नका. सीपीए सांगा आणि तिकडच्या कामासाठी म्हणून सांगा. चुकीचं सांगितलेलं मला चालणार नाही, आणि तुम्हालाही चालणार नाही.

पैशाचं म्हणाल तर क्लास, फी, प्रवास मिळून खर्च लाखांत जातो. तो मी साठवलाय. पोस्टातली एफ.डी. मोडायची नाही. ती डोळ्याच्या ऑपरेशनला आणि औषधपाण्याला आहे. संत्र्याच्या बागेचा विषय तर काढूच नका.

दोन कामं आहेत. लोखंडी पेटीत माझं बी.कॉम.चं मूळ पदवी प्रमाणपत्र आहे, निळ्या फायलीत, रेशनकार्डाच्या खाली. ते काढून ठेवा, मी रविवारी काटोलला येऊन घेऊन जाईन. आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांकडून पक्की करून मला कळवा. परीक्षेची तारीख मला निवडता येते. आधी तुमची ठरू द्या. पट्टी सुटेपर्यंत मी तिथेच राहीन, आणि पहिला पेपर त्यानंतरच घेईन.

तुमची,
बेबी

ता. क. आई, लिंबाचं जुनं लोणचं संपलंय. लहान बरणी भरून ठेव.