तिबिलिसीहून आप्पांना

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

अझरबैजानची राजधानी बाकू, तिथल्या अग्निमंदिरात देवनागरी शिलालेख आहेत, जॉर्जियातल्या तिबिलिसीहून जवळच आहे, बघून ये, असं तुम्ही फोनवर म्हणालात. नकाशात जवळ दिसतं खरं. पण अझरबैजानने २०२० साली कोरोनात बंद केलेली जमिनीची हद्द प्रवाशांसाठी पुढे कित्येक वर्षं उघडलीच नाही. आर्मेनियातून जाऊ म्हटलं, तर त्यांचं आपसात तीस वर्षांवर वैर.

आणि जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान हेच तिघे १९१८ साली एक देश होते! झारचं राज्य बुडालं, तुर्की फौजा पुढे येत होत्या, म्हणून एप्रिलमध्ये मोट बांधली. मे संपायच्या आत ती सुटलीसुद्धा. तिघांनीही स्वातंत्र्य जाहीर केलं ते याच शहरात, दोन दिवसांच्या अंतराने. डिसेंबरात जॉर्जिया-आर्मेनिया हद्दीवरून लढलेही. मग १९२०-२१ मध्ये बोल्शेविकांची लाल फौज आली.

इथे बरेच जण या भांडणांचं सगळं खापर मॉस्कोवर फोडतात. मला ते अर्धंच पटतं. एक तर स्टालिन इथल्याच गोरीचा. काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ भागाला १९२३ मध्ये अझरबैजानच्या पोटात स्वायत्त प्रदेश म्हणून ठेवलं ते सोव्हिएतांनी, हे खरं. पण तिथले खून-जाळपोळ त्याआधीपासूनच्या. १९८८ नंतर पुन्हा पेटलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरात लाखभर आर्मेनियन लोक काही दिवसांत तिथून निघून गेले. जॉर्जियाचंही तेच. जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियातून १९९३ मध्ये पळून आलेली कुटुंबं इथल्या भर चौकातल्या मोठ्या हॉटेलात दहाएक वर्षं राहिली, गॅलऱ्या फळ्या ठोकून बंद करून.

तुम्हाला बाजाराची आवड म्हणून हे खास सांगते. आर्मेनियाच्या हद्दीजवळ सादाख्लो नावाचं अझरबैजानी वस्तीचं गाव आहे, पण जॉर्जियात. नव्वदच्या दशकात, आर्मेनिया-अझरबैजानचं हाडवैर असताना, तिथे आर्मेनियन आणि अझरबैजानी एकमेकांशी घासाघीस करत माल घ्यायचे-विकायचे. तो बाजार मोडला तो लढाईने नाही, तस्करी थांबवायची म्हणून जॉर्जियाच्या सरकारने!

जुन्या शहरातल्या गंधकाच्या हमामांजवळ मशीद आहे, तिथे शिया-सुन्नी एकत्र नमाज पढतात. आर्मेनियन चर्च तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर.

सुट्टीत आर्मेनियाच्या राजधानीला, येरेवानला जाईन म्हणते, रात्रीची रेल्वे आहे. बाकूला विमानानेच जावं लागेल, तेव्हा ते परीक्षा झाल्यावर. शिलालेखांचे फोटो नक्की पाठवीन. आजीला नमस्कार.

तुमची नात,
मुक्ता