तुझ्या काचेच्या बरण्यांविषयी

पुणे, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. निकाल आधी सांगतो, कारण तुझा जीव त्यातच अडकला असणार. कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करायला जुन्या बाजारातून उचललेला तो वीस लिटरचा कारबॉय (अरुंद मानेचा मोठा काचेचा बुधला) वापरायचा नाही. बोहरी आळीतून घेतलेल्या दोन लहान बरण्या खुशाल वापर. बाटल्यांतल्या काही बाद केल्यात, त्याचं पुढे लिहितो. फोनवर तू म्हणालास, "एवढीशी रेघ तर आहे, पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलोय.

ती रेघ ओरखडा नाही, तडा आहे. खोलीतला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरपा धरला आणि कारबॉय हळूहळू फिरवला. ओरखडा कुठूनही पाहिला तरी सारखाच मळकट पांढरा दिसतो. तडा मात्र एका ठरावीक कोनात आरशासारखा लखकन चमकतो, कारण काचेच्या आत हवेची पातळ फट असते आणि उजेड तिच्यावरून परततो. तुझी रेघ तशी चमकली. वरून नख फिरवलं तर जेमतेम जाणवते, पण काचेच्या आत ती तिरपी, बोटाच्या पेराएवढी पसरलेली आहे. त्यात ती नेमकी तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या वळणावर आहे. भरलेल्या भांड्यात ताण साठतो तो तिथेच.

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे, तडा दिसलेलं काचसामान त्याच दिवशी बाजूला काढायचं. यामागचं कारण ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1921 साली मांडलं. काच मुळात खूप बळकट असते, पण तिच्यावरचे बारीक तडे तिचं बळ खातात, कारण सगळा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. कापडाला कात्रीने छोटा काप दिला की पुढे ते हाताने टर्रकन फाटतं, तसंच. स्टील अशा वेळी टोकाशी थोडं वाकून ताण पचवतं. काचेला वाकणं जमत नाही.

आता तुझ्या पाण्याच्या परीक्षेबद्दल. काचेचा तडा ताणाखाली असला आणि त्याला ओल मिळाली, तर तो अगदी सावकाश पुढे सरकत राहतो. पाण्याचे रेणू टोकाशी जाऊन काचेतले बंध तोडतात. म्हणजे त्या रात्री तुझ्या कारबॉयने वीस लिटर पेललं, एवढंच त्या परीक्षेतून कळलं. पुढच्या आठवड्यात तो पेलेल याची हमी त्यात नाही. उलट पाणी भरून ठेवल्याने तडा कणभर वाढलाही असेल. एम-सील लावू का, असंही विचारलं होतंस. नको. ते वरची फट बुजवेल, टोकापर्यंत पोचणार नाही, आणि कोंबुचासारख्या आंबट पेयाशी त्याचा संबंध येऊच नये.

आणि वजन बघ ना. वीस लिटर म्हणजे वीस किलो, वर काचेचं पाच-सहा किलो. ओल्या हाताने मानेला धरून तू ते ओट्यावरून खाली घेणार आणि तळ सुटणार. अशा वेळी माणूस प्रतिक्षिप्तपणे भांडं छातीशी कवटाळतो आणि जाड काचेच्या धारा मनगटात शिरतात. बोटं हलवणाऱ्या कंडरा तिथे कातडीच्या अगदी खाली असतात. त्या तुटल्या की ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. तू तबला वाजवतोस. तुझी धाकटी स्वयंपाकघरात कायम तुझ्या पायांत घुटमळत असते. हे डोळ्यांपुढे आलं तेव्हा माझ्यापुरता निर्णय झाला.

आणखी एक. त्या कारबॉयमध्ये पूर्वी काय होतं, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. असे कारबॉय अ‍ॅसिड भरायलाही वापरत. काच स्वतः फारसं शोषत नाही, पण तड्यात काय मुरलंय ते धुऊन निघत नाही. तडा नसता तरी मी तो पिण्याच्या वस्तूला वापरू दिला नसता.

आता लहान बरण्या. त्यांच्यातले बुडबुडे बघून तू घाबरलास, पण ते निराळं प्रकरण आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी दीड हजार अंशांच्या आसपास वितळवतात तेव्हा त्यातून वायू निघतो, आणि सगळा बाहेर पडायच्या आत काच घट्ट झाली की टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे अडकतात. ते जाडीच्या मधोमध असतील तर बिघडत नाही. बघायचं ते एवढंच, की एखादा आतल्या पृष्ठभागाला टेकलाय का. तसा असला तर त्यावरचा पापुद्रा कधीतरी फुटतो, कपची पेयात पडते आणि खळग्यात घाण साचते. मी आत हात घालून नख फिरवून पाहिलं, गुळगुळीत आहे. बुडबुड्यांपेक्षा मला भीती असते ती न वितळलेल्या पांढऱ्या खड्याची. खडा आणि काच गरम-गार होताना वेगवेगळ्या मापाने फुगतात, त्यामुळे खड्याभोवती कायमचा ताण राहतो. तसा खडा दोन्ही बरण्यांत नाही.

एक परीक्षा तुलाही घरी करता येईल. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघड, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे धरून स्क्रीन काळी पडेपर्यंत फिरव आणि मधे बरणी ठेव. काच घडवल्यावर नीट सावकाश थंड केली नसेल तर आत ताण उरतो, आणि ताणाच्या जागा त्या काळोखात उजळतात. ताण फार असला तर रंगही दिसतात. तुझ्या लहान बरण्यांत तळाशी किंचित उजेड होता, तेवढा चालतो. कारबॉयमध्ये तड्याच्या टोकाशी ठळक पांढरा पट्टा दिसला. तुला दाखवायला फोटो काढून ठेवलाय. ही परीक्षा पास झाली म्हणजे भांडं निर्दोष, असं मात्र समजू नकोस, कारण साधा टवका यात दिसत नाही. तो बोटानेच शोधायचा.

बरण्या चांगल्या आहेत, पण साध्या काचेच्या आहेत. बोरोसिलिकेटपेक्षा, म्हणजे लॅबच्या उष्णता सोसणाऱ्या काचेपेक्षा, ही काच उष्णतेने जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. साधारण चाळीस अंशांचा एकदम फरक पडला तरी ती तडकू शकते. जानेवारीच्या पहाटे तुमचा कडप्प्याचा ओटा बर्फासारखा गार असतो, त्यावर बरणी ठेवून उकळता चहा ओतलास तर संपलं. चहा पातेल्यात थोड्या पाण्यात कडक कर, उरलेलं पाणी गारच घाल, हाताला कोमटही लागेनासा झाला की बरणीत ओत. खाली लाकडी पाट ठेव. असा गार चहा स्कोबीलाही (चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टच्या थराला) मानवतो, गरम चहाने तो मरतो.

बाटल्यांच्या बाबतीत मी कठोर वागलोय, कारण खरा दाब तिथे असतो. बरणीवर फडकं असतं, वायू निघून जातो. घट्ट बुचाच्या बाटलीत तो कोंडतो. एक ग्रॅम साखर पुरती आंबली की जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार ग्रॅम साखर घातलीस तर बाटलीत मावतं त्याच्या सुमारे दुप्पट वायू होतो, आणि छान फेस यायला तेवढं पुरतं. पण कोंबुचात आधीची साखर उरलेली असते आणि तुझा हात सढळ आहे. त्यात साताऱ्याचा एप्रिल. शॅम्पेनच्या तळघरांत एके काळी कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरत, बाटल्या फुटायच्या म्हणून. त्यामुळे चौकोनी बाटल्या मी सगळ्या काढल्या, दिसायला देखण्या असल्या तरी. दाब गोल भिंतीवर सारखा वाटला जातो, चौकोनात तो कोपऱ्यांवर येतो. तोंडाशी टवका उडालेल्या आणि अंगावर खोल चरे असलेल्याही काढल्या. राहिलेल्या गोल आणि जाड आहेत.

प्रत्येक खेपेला त्यातलंच थोडं कोंबुचा एका साध्या प्लास्टिकच्या सोडा बाटलीत भरून शेजारी ठेव. ती दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. तोवर त्या झाकणाच्या क्रेटमध्ये असू देत, ओट्यावर मांडून ठेवू नकोस. उघडताना वर जाड पंचा टाक.

कारबॉयचे पैसे गेले याचं तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण निर्दोष असता तरी मी तुला वीस लिटरची काच घेऊ नको म्हटलं असतं. पाच लिटरची बरणी एका माणसाला सावधपणे उचलता येते, आणि एक खेप बिघडली तर बाकीच्या वाचतात. आणखी दोन बरण्या मी बोहरी आळीतून बघून, टॉर्च मारून घेतो. तुला एकाच मोठ्या भांड्यात करायचा हट्ट असेल तर खाण्याच्या वस्तूंसाठी असलेली प्लास्टिकची बादली आण, काच नको.

कारबॉय मी इथेच ठेवतोय. जुन्या चादरीत गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'फुटकी काच' लिहून, 'स्वच्छ'च्या कचरा वेचणाऱ्या ताई सकाळी येतात त्यांच्या हातात सांगून देईन. कचऱ्याच्या पिशवीत टाकला तर आपल्याऐवजी त्यांचे हात कापतील.

पुढच्या रविवारी बरण्या घेऊन मी साताऱ्याला येतो. एसटीत वर ठेवणार नाही, मांडीवर धरून आणतो. तू तेवढी ओट्याखालची जागा मोकळी कर आणि स्कोबी कुणाकडून मिळवतोयस ते कळव, नाहीतर मी माझ्यातला एक थर काढून आणेन. वहिनींना आणि काकूंना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा मित्र