शांतवनास पत्र : नेमाविषयी

कळवा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय शांतवन,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे घरी पोचायला बारा वाजले. जेवता जेवता वाचलं आणि झोप येईना म्हणून पुन्हा वाचलं. आई गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द येतात पण आत काही हलत नाही, चर्चच्या मंडळीत उभं राहून गीत म्हणायचं म्हणजे ढोंग वाटतं, म्हणून तीन महिने उपासनेला गेला नाहीस, असं तू लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंस, "तुला कसं जमतं?"

शांतवन, मलाही जमत नव्हतं. हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण तू मला कधीपासून 'पाळकसाहेब' म्हणतोस आणि ते ऐकायला बरं वाटायचं. कळव्याला राहायला आल्यावर सुरुवातीची दोन वर्षं मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलंच नव्हतं. सोडायचं असं काही ठरवलं नव्हतं. रविवारचा ओव्हरटाइम मिळायला लागला, घराचा हप्ता होता, एक रविवार चुकला, मग चार चुकले. जेवणाआधीची प्रार्थना चालू होती, नाताळच्या कमिटीत नाव होतं, वर्गणीही वेळेवर जात होती. बाहेरून कोणाला काही दिसलं नसतं.

माझं काम बॉयलरवरचं, म्हणून तिथलंच सांगतो. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या काचेत दिसतं. पण काचेत दिसतं म्हणून आतही तेवढं आहे, असं धरून चालता येत नाही. काचेकडे येणारी वाट क्षार साचून बुजली, तर काचेत जुनंच पाणी उभं राहतं आणि आतली पातळी मात्र उतरत जाते. म्हणून दर शिफ्टला ग्लास ब्लो करायचा असतो. कॉक उघडून काचेतलं पाणी सोडून द्यायचं आणि नवं पाणी झपकन वर चढतं का ते बघायचं. कामावर हे मी एकदाही चुकवलं नाही. घरी मात्र दोन वर्षं काचेतलं जुनं पाणी बघत बसलो होतो.

तुला आपल्या बिल्डिंगमधल्या रूथमावशी आठवतात? तळमजल्यावरच्या, मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. तू आला होतास तेव्हा त्यांनी तुला बळंच दुसरी पुरणपोळी वाढली होती. काचबिंदूनं त्यांची नजर पुढे अगदीच गेली. एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अरे, वर जाताना पाच मिनिटं थांबत जा. एक स्तोत्र वाचून दाखव." नाही कसं म्हणणार? मी थांबायला लागलो ते त्यांच्यासाठी. माझ्यासाठी नव्हे, आणि खरं सांगायचं तर देवासाठीही नव्हे.

पहिल्या दिवशी मी भराभर वाचलं. त्या म्हणाल्या, "बातम्या सांगतोस का? सावकाश." दिवसाला एकच स्तोत्र, पहिल्यापासून ओळीनं, एकही गाळायचं नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत एकूण दीडशे आहेत. नाइट शिफ्ट असली की संध्याकाळी निघताना वाचायचो. सेकंड असली की सकाळी. अशी पाच महिन्यांत एक फेरी व्हायची, की पुन्हा पहिल्यापासून.

88 वं स्तोत्र आलं ती रात्र मला नीट आठवते. तू ते आज काढून वाच. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. तो माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, सकाळीसकाळी त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. मला कसंतरी झालं. आंधळ्या म्हाताऱ्या बाईला झोपायच्या वेळी हे ऐकवून कसं निघायचं? मी घाईघाईनं 89 वं सुरू केलं. मावशींनी हात वर केला. "थांब. त्यानं इथंच संपवलंय ना? मग आपणही इथंच उठू."

तुझ्या ढोंगाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, शांतवन. ज्याला काहीच उत्तर मिळत नव्हतं त्या माणसाचं बोलणं देवाच्या लोकांनी फेकून दिलं नाही. उपासनेच्या गीतांत ठेवलं, चालीवर म्हटलं. आत काही हलत नसताना तू उभा राहून गीत म्हणतोस तेव्हा तू त्याच्या शेजारी उभा असतोस. तुझ्या तोंडात शब्द नसतील तर त्याचे घे. त्यानं ते त्यासाठीच ठेवलेत असं मला मनापासून वाटतं.

शाळेत असताना आपण केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो. तेव्हा आपलं सगळं लक्ष विहिरीकडे होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पण बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं की धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय. आठ वर्षं! एवढी विदुषी बाई, आणि हे कबूल करायला तिला संकोच वाटला नाही. पुढे 1921 साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्या वेळी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी शास्त्राचं भाषांतर करण्याचं काम त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, तोवर ते पुरं करत आणलं होतं. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत रोज सकाळी कागद पुढे ओढताना त्यांच्या मनात काय असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती इथली, ठाण्याची. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना ठार मारलं गेलं. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. संडे स्कूलच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगतो, तलावपाळीवर चक्कर मारताना. मागाहून ओदोरिक नावाचा इटालियन साधू इथं आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की ठाण्यात तेव्हा नेस्तोरी, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. ते चौघे अशाच एका घरी उतरले होते. मुलांना चौघांची गोष्ट आवडते. मला मात्र आताशा ती पंधरा घरं जास्त आठवतात. कोणाचं नाव उरलेलं नाही. जवळपास दुसरी मंडळी कुठे असेल कोण जाणे. खाडीच्या काठी, परक्या मुलखात, कुणीतरी रोज दिवेलागणीला पोरांना बसवून प्रार्थना शिकवत असेल, शेजारी काय म्हणतील ते सोसून. साधू आले त्या दिवशी त्यांना टेकायला जागा मिळाली ती या घरांमुळे.

माझा आताचा नेम विचारतोस तर तो अगदी लहान आहे. सकाळच्या शिफ्टला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी धरतो, रबाळ्यापर्यंत खिडकीशी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला थोडा भाग. ऐरोली आली की पुस्तक मिटतो आणि प्रार्थनेत नावं घेतो. घरातली, मंडळीतली, आजारी असलेली. तीन महिन्यांपासून तुझं नाव सगळ्यांत आधी येतं. रात्री नऊला घरात सगळे मिळून प्रार्थना. शिफ्ट आडवी आली तर फोनवर. आमच्या कामावरच्यांतला एक माळकरी आहे, साताऱ्याकडचा. एकादशी कधी चुकवत नाही, कँटीनमध्ये वडे तळत असले तरी. नेम म्हणजे काय ते मी पुष्कळसं त्याच्याकडे बघून शिकलो.

आणि लॉगबुक. दर तासाला प्रेशर, पाणी, तापमान लिहायचं असतं. पूर्वी पहाटे झोप अनावर झाली की मी बसल्या जागी तीन तासांचे आकडे एकदम भरायचो. बरेच जण भरतात. स्तोत्रं वाचायला लागल्यावर सहा-सात महिन्यांनी हे मला जड व्हायला लागलं. कोणी उपदेश केला नव्हता. पहाटे चारला उठून काचेपाशी जाऊन बघून आकडा लिहायचा, हीसुद्धा आता माझी प्रार्थनाच आहे, आणि ती मी रविवारच्या गीताइतकीच मानतो.

तू त्या तरुण संघाच्या शिबिराबद्दल लिहिलंयस, तसं रडू पुन्हा कधी येईल म्हणून. मलाही ती रात्र आठवते. पण रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडायचा तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी म्हणून ठेवलेल्यात किडे पडले. आपणही मागतो ते 'आमची रोजची भाकर' असंच मागतो. त्या रात्रीचं आपण त्या रात्री खाल्लं, ते खोटं नव्हतं. पण त्यावर आज पोट कसं भरेल?

रूथमावशी गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्या वेळी आमचं 61 वं स्तोत्र झालं होतं. पुढची मी एकट्यानं वाचली, मोठ्यानं, सवयीनं. त्यांचं शास्त्र त्यांच्या भाचीनं मला दिलंय. बांधणी सुटलीय, पानं हळदीनं पिवळी झालीत. पुढच्या खेपेला तुला दाखवीन.

उपासनेला ये म्हणून मी आग्रह करत नाही. मंडळीच्या खऱ्या पाळकसाहेबांना काही सांगू नकोस म्हणालास, नाही सांगणार. एवढंच कर. या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, रात्री नऊला मी घरी असतो. सोमवारपासून रोज नऊला तुला फोन करीन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, हं-हं सुद्धा नको. फोन उचलून आईच्या पलंगाशेजारी ठेव. मी एक स्तोत्र वाचीन, सावकाश, आणि ठेवीन.

पहिल्यापासून सुरू करू.

तुझा,
दयानंद