बाईंना पगार किती होता?

प्रिय सुमे,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतेय, तुझे दोन मेसेजही तसेच पडून आहेत. रागावली असशील तर रागाव. गुडघा बरा आहे.

आज वर्गात जे झालं ते तुलाच सांगायचंय. एम.एस्सी.ला नोथेरियन रिंग शिकवत होते (बेरीज-वजाबाकी-गुणाकार चालणारी अशी रचना, जिच्यात 'आयडियल' नावाच्या संचांची वाढत जाणारी साखळी कुठेतरी थांबतेच). फळ्यावर लिहिलं: १२च्या पटी ६च्या पटींत, त्या ३च्या पटींत, त्या सगळ्या पूर्णांकांत. पुढे जागाच नाही, साखळी थांबली. एवढ्या एका गोष्टीवर १९२१ साली जर्मन गणिती एमी नोथरनं अख्खी आयडियल थिअरी उभी केली, असं सांगत होते, तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, बाईंना पगार किती होता?"

खडू हातातच राहिला गं. मग सांगितलं. एर्लांगेन विद्यापीठात सात वर्षं बिनपगारी. १९१५ला हिल्बर्ट आणि क्लाइन या बड्या गणितींनी ग्योटिंगेन विद्यापीठात बोलावलं, पण बाई म्हणून शिकवायचा अधिकार नाही. तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावानं लागायची. अधिकार मिळाला १९१९ला, नेमणुकीचे पैसे १९२३ला, तेही जुजबी. १९३३ला ज्यू म्हणून नोकरीच गेली, तर तिनं घरी वर्ग घेतला. एक विद्यार्थी नाझी गणवेशात यायचा, त्यालाही शिकवलं.

१९१८चा सिद्धांतही बिनपगारीच. (हो, 'तुमचा'! निसर्गाचे नियम आज तेच उद्या, म्हणून ऊर्जा टिकते, म्हणजे नोथर फिजिक्सवाल्यांची, म्हणत हॉस्टेलच्या गच्चीवर तू रात्रभर भांडलीस. मी अजून मानलेलं नाही.)

पोरी गेल्या, मी तशीच बसून. तासिका तत्त्वावर हे बारावं वर्ष, जुलैपासून पैसे नाहीत. तिच्यामागे लेकरं नव्हती, माझ्यामागे चिन्मयची फी आहे. आणि मी त्या पोरीला काय सांगितलं? फुकट राब, पुढे नाव होईल? तेच खातंय मला. तिच्यावर अन्याय झाला, हे शब्द तोंडातून आलेच नाहीत. उद्या वर्गात आधी तेच बोलणार आहे.

क्लासवाल्यांचा फॉर्म टेबलावर पडलाय. पगार दुप्पट, पण नुसती जेईई. रिंग पुन्हा कधी शिकवायला मिळणार नाही. तू पीएच.डी. सोडलीस तेव्हा मी तुला नको ते बोलले होते. ते आज आठवतंय, सुमे. पहिले काही महिने कसे काढलेस?

बदली झाली का? काकूंचा मोतीबिंदू? ओवीला पापा.

फॉर्मला शुक्रवार शेवटचा. त्याआधी फोन कर, नऊनंतर, चिन्मय झोपलेला असतो.

तुझी,
माधुरी