कातरवेळेचा प्रेक्षक

लेस्टर,
रविवार, १६ मार्च २०१४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. तुझ्या महाविद्यालयातील लघुपट स्पर्धेच्या परीक्षकांसाठी तू माझ्याकडे गुणपत्रकाचा नमुना मागितला आहेस आणि ‘लक्ष्य प्रेक्षकवर्ग’ या रकान्याला किती गुण ठेवावेत, असे विचारले आहेस. उत्तर देण्यास उशीर झाला, कारण नेमक्या त्याच रकान्याने या तीन आठवड्यांत माझीही पंचाईत करून ठेवली होती. तेव्हा नमुना पाठवण्याऐवजी ती हकीकतच सविस्तर लिहितो. तुला हवे ते तू त्यातून वेचून घे.

आधी इथली पद्धत सांगतो. ए लेव्हलच्या (विद्यापीठापूर्वीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षी मीडिया स्टडीज घेणाऱ्या मुलांना, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना, आम्ही शिकवतो त्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात एका नव्या, अस्तित्वात नसलेल्या कथापटाची केवळ सुरुवात श्रेयनामावलीसह तयार करावी लागते. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे, गटात जास्तीत जास्त चार जण. दृश्ये स्वतःच चित्रित केलेली हवीत. संगीत आणि ध्वनिपरिणाम तेवढे स्वामित्वहक्कमुक्त संग्रहातून घेण्याची मुभा असते. एकूण १०० गुणांपैकी २० संशोधन आणि नियोजनाला, ६० प्रत्यक्ष निर्मितीला आणि २० मुलांनी स्वतः लिहिलेल्या मूल्यमापनाला. या मूल्यमापनात सात ठरावीक प्रश्न असतात आणि त्यांपैकी दोन प्रेक्षकाविषयी आहेत: तुमचा प्रेक्षक कोण, आणि त्याला तुम्ही कसे आकर्षित केले किंवा कसे संबोधले.

बहुतेक गट थ्रिलरच निवडतात. त्यामागे आवडीपेक्षा व्यवहार अधिक असतो. संवाद लागत नाहीत, त्यामुळे अभिनय येत नसला तरी निभावून जाते. डोक्यावर टोपी ओढलेला एक मुलगा आणि एखादा भुयारी मार्ग मिळाला की काम भागते. शिवाय इंग्लंडचा हिवाळा प्रकाशयोजनेचा खर्च स्वतःच उचलतो, कारण डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. टोपी ओढलेले इतके मुलगे मी आजवर पडद्यावर पाहिले आहेत की प्रत्यक्ष रस्त्यावर तसा कोणी दिसला तर त्याचे चित्रीकरण चालू असावे, असेच मला आधी वाटते.

ज्या गटाविषयी लिहितो आहे, त्याची चित्रफीत एक मिनिट चोपन्न सेकंदांची आहे. एक मुलगी बसमधून उतरून कालव्याच्या काठच्या पायवाटेने घरी निघते. मागे पावले वाजतात. ती थांबते, तेव्हा पावले थांबायला क्षणभर उशीर होतो. पुलाखाली एक आकृती दिसते. या सगळ्याच्या मधूनमधून एका स्वयंपाकघराची चार छोटी दृश्ये येतात: एक बाई जेवणाच्या ताटावर दुसरे ताट झाकते, घड्याळाकडे पाहते, पडदा किंचित बाजूला सारून बाहेर पाहते, टेबलावरून फोन उचलते आणि कानाला न लावताच पुन्हा खाली ठेवते. शेवटी कालव्याच्या काठावर पडलेला मुलीचा फोन उजळतो आणि पडदा काळा होतो.

आता त्यातील दोष. पुलाखालच्या दृश्यात कॅमेऱ्याने १८० अंशांची रेषा, म्हणजे दोन पात्रांना जोडणारी ती कल्पित रेषा जिच्या एकाच बाजूला कॅमेऱ्याने राहायचे असते, ओलांडली आहे. मुलगी चौकटीत उजवीकडून डावीकडे जाते आणि पाठलाग करणारा डावीकडून उजवीकडे येतो. परिणामी तो मागून येत नसून समोरून भेटायला येत आहे, असे वाटते. पिवळ्या पथदिव्यांखाली कॅमेऱ्याचा श्वेत समतोल (प्रकाशाच्या छटेप्रमाणे रंग जुळवून घेण्याची सोय) बदललाच नाही, म्हणून एका दृश्यात कालवा निळसर आणि पुढच्याच दृश्यात नारिंगी दिसतो. श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचे नाव सर्वांत आधी झळकते, वास्तविक सुरुवातीच्या नामावलीत ते रूढीने शेवटी येते. हा दोष अज्ञानाचा नसून उतावळेपणाचा आहे, कारण दिग्दर्शकाला स्वतःचे नाव पाहण्याची घाई झाली होती. पावलांचा आवाज मात्र उत्कृष्ट आहे. बागकामाच्या ट्रेमध्ये खडी पसरून, त्यावर जड बूट घालून चालत त्यांनी तो महाविद्यालयाच्या मागच्या जिन्याखाली मुद्रित केला, आणि मुलगी थांबल्यानंतरचे ते एक उशिराचे पाऊल संकलनाच्या वेळी बरोबर बारा चौकटी, म्हणजे सुमारे अर्धा सेकंद, पुढे सरकवले. ज्याला हे बारा चौकटींचे मोल कळले, त्याला संकलन समजू लागले आहे, असे मी मानतो.

स्वयंपाकघराची दृश्ये मुळात आराखड्यात नव्हतीच. पहिल्या दिवसाचे निम्मे चित्रीकरण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातील बिघाडामुळे गेले, पुन्हा कालव्यावर जाण्याइतका उजेड आणि उत्साह उरला नव्हता, आणि वीसेक सेकंदांची पोकळी भरायची होती. म्हणून गटातील एकाने आपल्या घरी, आपल्याच आईला उभे केले. तिला त्याने कथा सांगितली नाही. ‘तू रोज करतेस तसे ताट झाक आणि घड्याळ बघ’ इतकेच सांगितले. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला होता, म्हणून सगळ्या फितीत तेवढीच दृश्ये स्थिर आहेत.

मूल्यमापनात प्रेक्षकाच्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिले होते: ‘वय १५ ते २४, मुलगे आणि मुली दोन्ही, परंतु मुख्यतः मुलगे, सामाजिक स्तर एबीसी-वन.’ हे उत्तर मला पाठ आहे, कारण जवळजवळ प्रत्येक गट तेच लिहितो. पंधरा हा आकडा ब्रिटिश प्रमाणन मंडळाच्या ‘१५’ या प्रमाणपत्रावरून येतो, ज्याच्या चित्रपटाला त्याहून लहान मुलास प्रवेश मिळत नाही. एबीसी-वन ही वृत्तपत्रांच्या वाचक-पाहण्यांतून रुळलेली वर्गवारी आहे. घरातील मुख्य कमावत्याच्या व्यवसायावरून कुटुंबाला एक अक्षर चिकटवायचे; एबीसी-वन म्हणजे त्यातला मध्यमवर्गीय भाग. पंधराचा आकडा कोण आत येऊ शकतो, एवढेच सांगतो. अक्षर जाहिरात कुठे द्यावी, ते सांगते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा श्वास कशाने अडकेल, हे या दोहोंपैकी काहीच सांगत नाही, आणि मुलांना मात्र वाटते की प्रश्न सुटला.

आम्ही ती फीत प्रथम वर्गात दाखवली, म्हणजे अगदी त्यांनी लिहिलेल्या प्रेक्षकांसमोर. प्रश्नावलीत सर्वांनी ‘परिणामकारक’ या शब्दावर खूण केली. मित्रांच्या कामावर कोण वेगळी खूण करील? मी पडद्याकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. टोपीवाली आकृती दिसताच बहुतेक जण हसले. स्वयंपाकघराच्या दृश्यांना काहींनी माना खाली घातल्या, आणि ती कापून टाकावीत, तेथे गती मंदावते, अशी सूचना तीन जणांनी लेखी केली.

पुढच्या आठवड्यात पालकांसाठीची संध्याकाळ होती आणि मागच्या खोलीत सर्व गटांच्या फिती चालू ठेवल्या होत्या. या फितीला टोपीवाल्या आकृतीपाशी कोणीही दचकले नाही. ताटावर ताट ठेवल्याचा बारीक आवाज झाला, आणि खोलीतील कुजबूज थांबली. फोन कानाला न लावता खाली ठेवला गेला, तेव्हा एका बाईने शेजारणीचा हात धरला. एका गृहस्थांनी फीत चालू असतानाच खिशातून फोन काढून काही टाइप केले. मला तो उद्धटपणा वाटला; नंतर कॉफी घेताना त्यांनी संकोचाने सांगितले की लंडनला शिकणाऱ्या थोरल्या मुलीला ‘घरी पोहोचलीस का’ एवढेच विचारत होतो.

त्या क्षणी मला जे लक्षात आले, ते तुला इंग्रजीत सांगता आले नसते. थ्रिलर म्हटले की आपण पाठलाग करणारा आणि ज्याचा पाठलाग होतो तो, अशा दोघांचाच विचार करतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचे टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण या मुलांच्या प्रत्येक वहीत असते: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळले तर पंधरा मिनिटांची धाकधूक. ते खरेच आहे. परंतु आपली भाषा त्या धाकधुकीला ‘जीव टांगणीला लागणे’ म्हणते, आणि आपण ते मारेकऱ्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी क्वचितच म्हणतो. जीव टांगणीला लागतो तो दारात उभे राहून वाट पाहणाऱ्याचा. या मुलांनी दिवे लागण्याच्या वेळी चित्रीकरण केले ते केवळ उजेडाच्या हिशेबाने. पण आपण ज्या घरांत वाढलो, तेथे त्या वेळेला कातरवेळ असे नाव होते आणि त्या वेळी बाहेर असलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाने कोणीतरी उंबरठ्यावर येऊन जाई. फितीतील मुलीपेक्षा ती बाई अधिक भयभीत आहे आणि तिच्याजवळ माहिती सर्वांत कमी आहे. मुलांनी नकळत बॉम्ब टेबलाखालून काढून तिच्या स्वयंपाकघरात ठेवला.

गेल्या महिन्यात, १० फेब्रुवारीला, स्टुअर्ट हॉल गेले. जमैकात जन्मलेला आणि बर्मिंगहॅममध्ये सांस्कृतिक अभ्यासाचे केंद्र नावारूपाला आणणारा हा माणूस आमच्या विषयाचा एक आधारस्तंभ होता. अर्थ घालणारा एक असतो, काढणारा दुसरा, आणि दुसऱ्याने काढलेला अर्थ पहिल्याच्या मनातलाच असेल याची हमी नसते, हे त्यांनी ज्या निबंधात मांडले, तो त्यांनी १९७३ मध्ये याच लेस्टरच्या विद्यापीठातील एका परिसंवादासाठी लिहिला होता. प्रेक्षक अपेक्षित अर्थ स्वीकारतो, किंवा त्याच्याशी तडजोड करतो, किंवा तो उलटवतो. मी ही तीन नावे दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरीही त्या संध्याकाळी माझ्यासमोर जे घडले ते या तिहींत मला नीट बसवता येईना. पालकांनी अर्थ उलटवला नव्हता. मुलांनी जो घातलाच नव्हता, तो त्यांना तेथे पूर्ण सापडला होता. हॉल यांना विचारायला आवडले असते.

दुसऱ्या दिवशी मी गटाला हे सांगितले, तेव्हा त्यांना आनंद होईल अशी माझी भाबडी समजूत होती. ते खट्टू झाले. ‘म्हणजे आमचा चित्रपट आयांसाठी आहे?’ असे एकाने विचारले, आणि त्याच्या स्वरात अपमान होता. पालकांचा प्रतिसाद मूल्यमापनात घालायचा नाही, वर्गातील प्रश्नावली तेवढी जोडायची, असे त्यांनी ठरवले, कारण ती लिहिलेल्या वयोगटाशी जुळत होती. येथे मी शिक्षक म्हणून जरा कठोर झालो. निर्मितीचे गुण मी बदलले नाहीत. १८० अंशांची रेषा आणि नारिंगी कालवा लक्षात घेऊन ६० पैकी ४४ हेच मला योग्य वाटतात, आणि आयांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून रेषा सरळ होत नाही. परंतु मूल्यमापनाच्या २० गुणांविषयी मी त्यांना स्पष्ट सांगितले की ज्या प्रेक्षकाने प्रतिसाद दिला त्याला लपवून, न दिलेल्याचे आकडे मांडलेत तर तुमचे उत्तर कितीही नीटनेटके असले तरी मी त्याला वरची श्रेणी देणार नाही. बाहेरचा नियामक नमुन्यादाखल काही प्रकल्प तपासतो. तो माझ्याशी सहमत होईलच, असे नाही.

दोन दिवस अबोला धरून चौघे परत आले. आता ते उत्तर पुन्हा लिहीत आहेत. त्यातील एक निरीक्षण माझ्याही ध्यानात आले नव्हते: वर्गात ज्या दोघी हसल्या नाहीत, त्या दोघीही रोज त्याच पायवाटेने घरी जातात. म्हणजे ‘मुख्यतः मुलगे’ हे तर पहिल्याच प्रदर्शनात खोटे ठरले होते आणि आम्हा कोणाला ते दिसले नाही.

तेव्हा तुझ्या रकान्याविषयी. ‘लक्ष्य प्रेक्षकवर्ग’ असा कोरा रकाना ठेवशील तर आपल्याकडेही ‘युवा वर्ग’ एवढेच भरून येईल, आणि फार तर कोणी पुढे ‘यूए’ असे प्रमाणपत्र जोडील. प्रेक्षक आधी ठरवण्याला गुण देऊ नकोस. मुलांना सांग की फीत किमान दोन वेगळ्या गटांना दाखवा, त्यांतील एक गट मित्रांचा नसावा, प्रश्नावली वाटू नका, पडद्याकडे पाठ करून बसा आणि कोणत्या सेकंदाला काय झाले ते लिहून काढा. त्या टिपणाला गुण दे. रहस्यपटांसाठी आणि थरारपटांसाठी एकच पत्रक वापरणार असशील तर तेही जरा वेगळे कर: ‘कोणी केले’ असे विचारणारा प्रेक्षक आणि ‘आता काय होणार’ म्हणून खुर्चीच्या कडेला येणारा प्रेक्षक, यांचे चेहरे सारखे नसतात, आणि तुझ्या परीक्षकांना दुसरा बहुधा नापास वाटेल.

येत्या शनिवारी गट पुलाखालचे दृश्य रेषा सांभाळून पुन्हा चित्रित करणार आहे. स्वयंपाकघराचे आणखी एक दृश्यही त्यांना हवे होते, या वेळी थोडे जवळून. मात्र त्या आईने पालकांच्या संध्याकाळी पूर्ण फीत पाहिली, आणि आता ती कॅमेऱ्यासमोर ताट झाकायला तयार नाही. मुलगा तिची समजूत काढतो आहे. निम्मे ताट तरी झाक, असे म्हणतो. ती म्हणते, आहे तेवढ्यात भागवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित