वाफेच्या इंजिनाला पेट्रोलच्या टँकरसारखं उडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नॉर्मंडी १९४४ च्या नकाशावरील रेल्वेगाड्या, आणि तुमच्या प्रतिनिधीने आज दिलेली उत्तरं

तुमच्या मदत केंद्राचा फोन आताच ठेवला आणि लिहायला बसलो. विमानांचा हा गेम तुमचा आहे, त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

पी-४७ हे लढाऊ विमान घेऊन खाली उतरलं, मालगाडीच्या इंजिनावर क्षणभर गोळ्या झाडल्या, की इंजिनाचा नारिंगी आगीचा लोळ होतो. मागचे सगळे डबे त्याच क्षणी, जिथल्या तिथे थांबतात. धूर विरेपर्यंत रुळावरून इंजिन गायब! कोळशावर चालणाऱ्या इंजिनात एवढं पेट्रोल आलं कुठून?

तुम्ही नकाशावर बीआर ५२ हे जर्मन वाफेचं इंजिन ठेवलं आहे. त्याच्या बॉयलरचा दाब १६ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सोळापट. त्या दाबाखाली आतलं पाणी २०० अंशांच्या वर असतं आणि तरीही पाणीच असतं. १२.७ मिलिमीटरची गोळी पत्रा भेदून गेली की ते बाहेर येताच त्याची वाफ होते. भोकातून पांढरा झोत सुटतो, दुसरं भोक पडलं की दुसरा झोत, आणि काही क्षणांत अख्खं इंजिन वाफेत दिसेनासं होतं. त्या काळच्या विमानांच्या गन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या फिल्म बघा, हेच दिसतं. गोळ्या बॉयलरला लागल्या हे वैमानिकाला त्या वाफेवरून कळायचं. त्यानंतर दाब उतरतो, ताकद जाते, गाडी रेंगाळत थांबते. ब्रेकचा पाइप तुटला तर ब्रेक आपोआप लागतात, पण तेव्हाही शेकडो टनांची गाडी काही अंतर पुढे जातेच.

बॉयलर कधी फुटतच नाही, असं मी म्हणत नाही. पाणी गळून फायरबॉक्सचं, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचं, छत उघडं पडलं, तापून मऊ झालं, तर ते दाबाखाली बसतं आणि मग होणारा स्फोट भयंकर असतो. माझे वडील कुर्डूवाडीच्या इंजिन शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते. फुटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, असताना पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवरची नजर ते हटू देत नसत, ती याच भीतीनं. पण त्या स्फोटातही वाफ असते, उकळतं पाणी असतं, फायरबॉक्समधले निखारे उडतात. सिनेमातला आगीचा गोळा नसतो.

हे सगळं मी तुमच्या साइटवरच्या तक्रारीच्या तिकिटात लिहिलं होतं, खेळाच्या रेकॉर्डिंगची, म्हणजे रिप्लेची, फाइल जोडली होती. उत्तर आलं, ‘ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. म्हणून आज फोन केला.

तुमच्या प्रतिनिधीनं आधी विचारलं, "सर, विमानात काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, विमान उत्तम आहे, तक्रार रेल्वे इंजिनाची आहे. "म्हणजे सर, ट्रेन दिसत नाहीये का?" दिसते आहे, पण चुकीची फुटते आहे. यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं आणि बराच वेळ संगीत ऐकवलं. परत आल्यावर म्हणाले, "सर, ट्रेन फुटते आहे म्हणजे गेम बरोबर चालू आहे." मी वाफेचं सांगायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, "सर, हा विमानांचा गेम आहे. ट्रेन फक्त टार्गेट असते. तिच्याकडे एवढं कोण बघतं?" मागे कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. आणि मी फोनवर असतानाच ईमेल आला: तुमची समस्या सोडवण्यात आली आहे.

कोण बघतं? १९४४ च्या वसंतात दोस्त राष्ट्रांच्या हवाई दलांचं लक्ष त्या गाड्यांवरच होतं! नॉर्मंडीत उतरण्याआधी फ्रान्स-बेल्जियममधली रेल्वे मोडून काढायची, म्हणजे जर्मनांना किनाऱ्यापर्यंत कुमक आणता येणार नाही, ही योजना ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी मांडली. उपसरसेनापती टेडर यांनी ती उचलून धरली आणि सरसेनापती आयझेनहॉवर यांनी मान्य केली. २१ मे १९४४, रविवार. त्या दिवशी शेकडो लढाऊ विमानं खास इंजिनं टिपायला निघाली होती. तुमच्या मोहिमेत या तारखेचं मिशन आहे. तारीख बरोबर, विमान बरोबर, आणि ज्यासाठी उड्डाण केलं ते इंजिन तेवढं खोटं.

यानं मोहिमेचं गणितच बिघडतं. खऱ्या युद्धात भोकं पडलेलं इंजिन कायमचं संपत नसे. ते शेडमध्ये ओढून नेत, दुरुस्त करत आणि शक्य झालं तर पुन्हा रुळावर आणत. म्हणून इंजिनांबरोबर शेड, यार्ड आणि पूलही फोडावे लागत. तुमच्याकडे इंजिन एका फैरीत नाहीसं होतं, मग शेडवर हल्ला करायचा कशाला? कोणी करतही नाही.

धुराचं तेच. उभ्या गाडीतूनही पूर्ण वेगातल्या गाडीइतकाच काळाकुट्ट धूर येतो, आणि वारा कुठूनही असो, तो सरळ मागेच जातो. ताजा कोळसा टाकल्यावर धूर काळा होतो, विस्तव नीट पेटला की विरळ होतो. उंचावरून गाडी सापडायची ती अशा धुरावरून, वाफेवरून. आवाज तर अक्षम्य आहे. बीआर ५२ ला दोन सिलिंडर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चाकाचा व्यास १.४ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला दहा ठोके. तुमचं इंजिन कुठल्याही वेगाला एकाच संथ लयीत फुसफुसतं.

आणि फुटप्लेट रिकामी आहे. फ्रान्समधल्या कित्येक गाड्यांवर फ्रेंच ड्रायव्हर आणि फायरमन होते, दोस्तांच्याच गोळ्यांनी त्यातले अनेक मेले. विमानाच्या कॉकपिटमधला प्रत्येक खिळा तुम्ही कोरला आहे. फुटप्लेटवर दोन माणसं उभी करायला तुम्हाला काय हरकत होती?

पहिल्या आवृत्तीपासून मी तुमचा ग्राहक आहे. मित्रांना आग्रह करकरून हा गेम घ्यायला लावला, कारण तुम्ही मन लावून काम करता असं मला वाटायचं. आज त्या हसण्यानं मन उतरलं.

माझं तिकीट पुन्हा उघडा. समस्या सुटलेली नाही, ती सुटली असं लिहून बंद करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ज्यांना बॉयलर कळतो अशा माणसाकडे ते पाठवा आणि कुठल्या अपडेटमध्ये काय दुरुस्त करणार ते लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नॉर्मंडीच्या भागाचे पूर्ण पैसे परत घेईन आणि ग्राहक आयोगाकडे जाईन. विक्रीच्या पानावर ‘अस्सल १९४४’ असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याची प्रत आणि रिप्लेची फाइल, दोन्ही मी जपून ठेवली आहेत.

आपला ग्राहक,
सोलापूर