बंड्याला, प्लेअर घेण्याआधी

जळगाव
वैशाखातला रविवार

प्रिय बंड्या,

काय करी राहिना भो?

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा साखरेचा आकडा ऐकून पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा पुढचं ऐकलं, "पळतो, पोहतो, डॉक्टर सांगेल ते करतो, पण गाण्याशिवाय माझ्याच्याने होणार नाही, कोणतं यंत्र घेऊ ते सांग," आणि हसू आलं. दवाखान्यातून निघालेला माणूस औषधाच्या दुकानात जातो, तू प्लेअर शोधत निघालास! अंगठ्याने एवढं टाइप करणं मला जमत नाही. पुतण्या मंगळवारी एसटीने धुळ्याला येतोच आहे, म्हणून सरळ कागद काढला.

आधी फोनचं बोलू. तू म्हणशील, खिशात फोन आहे, त्यात पाहिजे ते गाणं आहे, मग वेगळं लचांड कशाला? मागच्या वर्षापर्यंत मीही हेच म्हणायचो. मेहरूण तलावाच्या कडेने सकाळी साडेपाचला निघायचो, फोन ट्रॅकपँटच्या उजव्या खिशात. कव्हरसकट सव्वादोनशे ग्रॅम. भाजीच्या तराजूत ते काहीच नाही, पण पळताना दर पावलाला मांडीवर थाप बसते आणि जरा वेळाने पँट वर ओढावी लागते. त्यात आमच्या भाऊबंदांचा ग्रुप. पहाटे उठणारी सगळी मंडळी एकामागून एक सुप्रभात टाकतात, आणि दर सुप्रभाताला गाणं क्षणभर दबतं. एकदा वैतागून पळता पळताच तो आवाज बंद करायला गेलो. घामाने ओला अंगठा, काचेला काही कळेना. त्या काचेला बोटाची जी वीज जाणवते, तीच घामाच्या खारट पाण्याचीही जाणवते, त्यामुळे बोट कोणतं आणि थेंब कोणता याचा तिला पत्ता लागत नाही. मी आणखी जोरात घासलं आणि फोन उताणा न पडता पालथा पडला. कानात गाणं चालू असूनही काच फुटल्याचा आवाज ऐकू आला. पुढचं सांगत नाही. बायको हे पत्र पाकिटात घालण्याआधी वाचणार आहे.

तर मला विचारशील तर बाकी सगळं नंतर, आधी बटणं. खरी, वर आलेली, बोटाला लागणारी बटणं. होस्टेलवर आपल्या तिघांत मिळून एक वॉकमन होता, आठवतो? खरा वॉकमन सोनीचा, १ जुलै १९७९ ला जपानात विकायला आला. आपल्या हातात पडला तो त्याचा कुणी लांबचा भाचा. पेन्सिल सेल उतरले की गायिकेचा आवाज गायकासारखा व्हायचा आणि तू सेल गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा घालायचास. पण त्याचं प्लेचं बटण आठव. लाइट गेलेले असोत, डोक्यावर गोधडी असो, अंगठा बरोबर तिथेच जायचा आणि खट्ट वाजायचं. दुकानात तेच खट्ट शोध. यंत्र हातात घे, डोळे मिट, आणि पुढचं गाणं, मागचं गाणं, आवाज कमी, आवाज जास्त, एवढं न बघता करून पाहा. जमलं नाही तर कितीही स्वस्त असो, खाली ठेव. दुकानदार हसेल, हसू दे.

तू आयपॉडबद्दल विचारलंस. ऐक, अ‍ॅपलने तो बनवणंच बंद केलं. पहिला आयपॉड २००१ सालचा, ५ जीबीचा. व्यायामाच्या कामाचा खरा तुकडा म्हणजे शफल नावाचा छोटा आयपॉड. २००५ च्या जानेवारीत आला, त्याला पडदाच नव्हता. पुढच्या वर्षी त्याला पाठीमागे चिमटा आला आणि वजन १५-१६ ग्रॅमवर उतरलं. बनियनच्या गळ्याला लावला तर लावलाय हेही विसरायला व्हायचं. २०१७ मध्ये शफल आणि नॅनो दोन्ही बंद केले, २०२२ मध्ये उरलेला टचही. जुन्या बाजारात अजून मिळतात, पण आतली बॅटरी त्याच वयाची असते आणि ती घरच्या घरी बदलायची सोय नाही. शिवाय गाणी भरायला कॉम्प्युटरवर त्यांचंच सॉफ्टवेअर लागतं. हौस म्हणून घे, गरज म्हणून नको.

आज सरळ मार्ग म्हणजे सॅनडिस्कची क्लिप मालिका, म्हणजे कपड्याला अडकवायचे छोटे प्लेअर, किंवा तिच्यासारखं दुसरं काही. क्लिप जॅममध्ये ८ जीबी जागा, वर ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड बसतं, आणि कंपनी बॅटरीचे १८ तास सांगते. तू दिवसाला एक तास पळालास (पळ आधी!) तरी आठवड्यातून एकदा चार्ज केलं की झालं. ब्लूटूथ हवंच असेल तर क्लिप स्पोर्ट प्लस आहे, १६ जीबीचा, आणि त्याला पाण्याच्या शिंतोड्यांचं भय नाही. जागेचा हिशोब सोपा: साध्या १२८ केबीपीएसच्या (गाण्याच्या दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाचा आकडा) एमपी३ ला मिनिटाला साधारण एक एमबी. म्हणजे ८ जीबीत चार-चार मिनिटांची दोनेक हजार गाणी. ३२० वाली भारी फाइल शोधत बसू नकोस. धापा टाकणाऱ्या माणसाला त्यातला फरक कळत नाही, मला तर बसूनही कळत नाही.

मात्र एक गोम आहे. फोनमधल्या अ‍ॅपवर महिन्याचे पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी या प्लेअरमध्ये जात नाहीत. त्या फाइलींना कुलूप असतं, त्या त्याच अ‍ॅपात वाजतात. तुझ्याकडे सीडी असतील तर त्या कॉम्प्युटरवर उतरवून घे, नाहीतर एमपी३ विकत घे.

आता माझी फजिती. शफलसारखा दिसणारा, बिननावाचा, दीडशे रुपयांचा प्लेअर मी ऑनलाइन मागवला होता. सोबत ३२ जीबीचं कार्ड, तेही स्वस्तात. घरी कॉम्प्युटरला लावलं तर ३२ जीबी दिसले, गाणी भरली तर सगळी गेली. खूश. पळायला निघालो. पहिले दोनेक महिने, म्हणजे हजारेक गाणी, छान. त्यापुढचं अर्ध्यात टर्रर्र करून मेलं, त्याच्या पुढचं नुसतं शांत. भाच्याने तपासलं तेव्हा कळलं, कार्डात जागा चारच जीबीची, पण वरची चिप कॉम्प्युटरला ३२ चं खोटं सांगते. चार जीबी भरले की नवीन गाणं जुन्याच्या डोक्यावर बसतं किंवा हवेत जातं. आकडा बघून कळत नाही, कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघावं लागतं. त्यासाठी फुकट सॉफ्टवेअर मिळतं. तू कार्ड घेशील तर बिल देणाऱ्याकडून घे आणि पहिल्याच दिवशी भरून बघ. आणि ३२ जीबीच्या वर जाऊ नकोस. त्यापेक्षा मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि साधे प्लेअर ती वाचतच नाहीत.

त्याच दीडशेवाल्याने आणखी एक शिकवलं. असले प्लेअर गाणी नावाप्रमाणे लावत नाहीत, ज्या क्रमाने कार्डावर चढवली त्या क्रमाने वाजवतात. मी सगळा गठ्ठा एकदम टाकला होता, त्यामुळे वेग धरायच्या वेळी अंगाई आणि घरी परतताना बँडबाजा. आता एकेक करून चढवतो. आधी चालायची, मग पळायची, मग श्वास खाली आणायची.

पोहण्याचं मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि इथे तू फसशील. ब्लूटूथचा इयरफोन पाण्यात नेऊन उपयोग नाही, मग तो कितीही वॉटरप्रूफ असो. ब्लूटूथ ज्या लहरींवर चालतं त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या, आणि पाणी त्या गिळतं. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच लहरींनी भाजीतलं पाणी तापवतो, यावरून काय ते समज. प्लेअर काठावर आणि तू पाण्यात, डोकं बुडालं की गाणं बंद. त्यामुळे गाणी कानाजवळच्या यंत्रातच साठवलेली हवीत. शॉक्झचं ओपनस्विम तसं आहे: ४ जीबी जागा आतच, वजन तीसेक ग्रॅम, आणि कानात न जाता गालाच्या हाडावरून आवाज नेतं. कानात पाणी जाऊ नये म्हणून बोळे घातलेस तरी ऐकू येतं, उलट जास्त चांगलं येतं. धातूची पट्टी मानेमागे असते म्हणून आमच्या टाकीवरची पोरं त्याला "शिंगं" म्हणतात. आणि खोक्यावर आयपीएक्स ७ वाचून भुलू नकोस. त्याचा अर्थ एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास, तेही शांत पडून. क्लोरीन आणि घाम त्या परीक्षेत नसतात. बाहेर आलास की नळाखाली धुऊन पूस. तसं बघितलं तर आपण पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा कानात फक्त काठावरच्या काकांच्या शिव्या होत्या, आणि हातपाय झक मारत चालायचे.

आपल्या उन्हाचंही बघावं लागतं. सोनीने पोहायचा एक वॉकमन काढला होता, त्याची सहनशक्ती उणे ५ ते ४५ अंश अशी अभिमानाने छापलेली. पंचेचाळीस! भुसावळकर ते वाचून काय म्हणेल? बाकीच्यांचं तर विचारूच नको. लिथियमची बॅटरी ४५ च्या वर चार्ज करू नये, फुगते, आयुष्य घटतं. तेव्हा गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर प्लेअर ठेवू नकोस आणि दुपारच्या पत्र्याखाली चार्जिंगला लावू नकोस. रात्री माठाशेजारी लाव, माझा तिथेच असतो.

घाम वायरवरून घरंगळत थेट पिनेच्या भोकात जातो. माझा एक प्लेअर असाच गेला, आत हिरवट गंज. वायर टी-शर्टच्या आतून घे आणि पिनेच्या आधी एक सैल वेढा खाली लोंबू दे, म्हणजे थेंब तिथून टपकतो. पत्र्याच्या पन्हाळीचंच तंत्र.

आणि रस्त्यावर दोन्ही कान बंद करू नकोस. देवपुरातून नदीकडे उतरताना ठीक आहे, पण हायवेच्या कडेने पळणार असशील तर वाळूचा डंपर मागून येतो तो हॉर्न वाजवून येत नाही. मी उजवा कान उघडा ठेवतो. रस्त्यावर आवाज निम्म्याच्या जरा वर, बस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत सांगते, पण वाऱ्यात आणि ट्रॅफिकमध्ये आपण नकळत आवाज चढवत जातो, तिथेच कान जातात.

गाण्यांचं आता मनापासून. पंधरा सेकंदांत पावलं मोज, चारने गुण. झपाझप चालताना माझी १२० भरतात, पळताना १६० च्या आसपास. त्या ठेक्याचं गाणं लागलं की पाय आपोआप पडतात. ८० च्या ठेक्याचंही चालतं, दर ठोक्याला दोन पावलं. इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी १९९८ साली बर्मिंगहॅमला इनडोअर २००० मीटरचा विश्वविक्रम करताना स्टेडियममध्ये मुद्दाम एक पॉप गाणं वाजवून घेत होता, कारण त्याचा ठेका पावलांशी जुळायचा. आपल्याकडे ही सोय घरचीच आहे. लग्नातली अहिराणी गाणी लाव. हळदीच्या मांडवात ज्या ठेक्यावर तुझ्या मावशा गुडघेदुखी विसरतात, त्यावर तुझे तीन किलोमीटर कुठे गेले कळणार नाहीत. मी गोलाणी मार्केटमधून आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचीही एक यादी आणली आहे, पण ती शेवटी ठेव. ती लागली की मला प्रसादाचे रोट आठवतात आणि पळणं थांबतं.

तर लगेच काही घेऊ नकोस. पुतण्याबरोबर माझा जुना क्लिपवाला पाठवतोय, स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. एकेचाळीस गाणी आहेत, क्रमाने चढवलेली. पहिली सहा चालायची, त्यात पळू नकोस. महिनाभर वापर, पोहायचं जमतंय का ते बघ, मग शिंगं घ्यायची की चिमटा ते ठरव. मधलं बटण जरा दमाने दाबावं लागतं. खट्ट वाजलं नाही तर चालू झालं नाही असं समज.

वहिनींना नमस्कार सांग. डबा रिकामा परत पाठवायची पद्धत नाही हे त्यांना ठाऊक आहे. भाकरीसाठी कळण्याचं पीठ चालेल. तुझ्यासाठी बंद केलं असेल तर आमच्यासाठी चालूच आहे.

तुझा,
अप्पा

ता. क. चार्जिंगची वायर जुन्या बारीक पिनेची आहे, तुझ्या फोनची लागणार नाही. डब्याच्या तळाशी ठेवली आहे. हरवू नकोस, घरात तेवढी एकच उरली आहे.